जागा न्हाय म्हणायचं न्हाय

आक्कांना ‘नाही’ हा शब्द ऐकू येत नसे. कानांचा दोष खरा होता, त्यात ढोंग नव्हतं. वडगावच्या विणकर गल्लीत जन्म आणि पुढची तीसएक वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात. अशा माणसाचे कान पन्नाशीला निम्मे उरतात, हे त्या गल्लीत कुणालाही विचारा. पण आक्कांच्या बहिरेपणाला स्वतःचं असं एक तारतम्य होतं. ‘चहा ठेवलाय’ हे त्यांना आतल्या खोलीत ऐकू जाई. ‘दारात माणूस उभा आहे’ हे तर कुणी मनात म्हटलं तरी पोचे. आणि ‘नाही’, ‘जमणार नाही’, ‘नियमात बसत नाही’ असं काही आलं, की त्या कानामागं हात नेऊन शांतपणे म्हणत, “जरा मोठ्यांदा बोला की. मला ऐकायला येत न्हाय.” माणूस तेच मोठ्यांदा म्हणे. त्या पुन्हा हात नेत. तिसऱ्यांदा ‘नाही’ ओरडून सांगायची भल्याभल्यांना लाज वाटते, हे मी त्यांच्याशेजारी उभं राहून पुष्कळदा पाहिलं आहे.

शहापुरातल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या, स्वयंपाकाची पडवी आणि मागं नळ, एवढ्याला कागदोपत्री ‘निवारा केंद्र’ म्हणत. बेळगावात ज्याला पाठ टेकायला जागा नाही, तो तिथं येई. थकलेले हमाल, हॉटेलात भांडी घासणारे, सुनेशी किंवा सासूशी वाकडं येऊन घर सोडलेल्या बायका, आपण कुठले हेच विसरलेली दोन-तीन माणसं. चालवायला एक लहानशी संस्था होती, म्हणजे वर्षातून एकदा फोटो काढून घेणारी चार सभ्य माणसं होती. निवारा खऱ्या अर्थानं आक्का चालवत. नवरा गेल्यावर माग भावाच्या हवाली करून त्या इथं स्वयंपाकाला म्हणून आल्या आणि वर्षाभरात सगळ्याच्या मालकीण झाल्या. नेमणुकीचा कागद कुणी दिला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही.

त्या घरात नियम एकच होता. “जागा न्हाय म्हणायचं न्हाय. ह्या दारात उभं ऱ्हाऊन तेवढं सोडून काय बी म्हणा.” माणसं वाढली की आक्का सामान कमी करत. आधी कपाट पडवीत गेलं. मग एक बाक गेलं. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा ऑफिसचं टेबल नळाजवळच्या पत्र्याखाली होतं आणि त्यावर कांदे वाळत घातले होते.

मी गेलो तो हौसेनं नव्हे. मी टिळकवाडीतल्या एका हायस्कुलात क्लार्क होतो. साथ आली, शाळा बंद झाल्या आणि आम्हा लोकांना निरनिराळ्या ड्युट्या लागल्या. माझ्या वाट्याला निवारा आला. रोज सकाळी जायचं, राहणाऱ्यांची यादी करायची, ताप मोजायचा, तक्ता वर पाठवायचा. त्या दिवसांत टिळकवाडीत आम्ही दुधाच्या पिशवीलाही आंघोळ घालत होतो. बायकोनं मला बजावलं होतं, घरात पाऊल टाकण्याआधी अंगणातच कपडे उतरवायचे. नियमाचा माणूस म्हणून माझा लौकिक होता आणि मला त्याचा अभिमानही होता. निवाऱ्याच्या दारात मी हातमोजे घालून, दोन मास्क लावून उभा राहिलो. आक्कांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, “या मास्तर. चहा घेनार न्हवं?” मी मास्तर नाही, क्लार्क आहे, असं मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. पुढं दोन-तीनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

यात त्यांची खरी अडचण होती, ती मला आठवड्यानं कळली. मागाच्या शेडमध्ये माणसं आवाजावर बोलतच नाहीत, ओठांवर बोलतात. आक्का जन्मभर समोरच्याचे ओठ वाचत आल्या होत्या. आणि आता साऱ्या गावाचे ओठ कापडाआड गेले. जगानं एका दिवसात त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुसरी कुणी असती तर खचली असती. आक्कांनी माणसांच्या भुवया वाचायला सुरुवात केली. निवाऱ्यातल्या माणसांना त्यांनी हातवारे शिकवले. पोटावर हात म्हणजे भूक, कपाळावर पालथा हात म्हणजे ताप, छातीवर मूठ म्हणजे आज लई वाईट वाटतंय. हा शेवटचा हात सगळ्यात जास्त वापरला जाई. मग आक्का कसलंही काम टाकून त्या माणसाजवळ, पण चार हात लांब, जाऊन बसत.

त्यांचा निष्काळजीपणा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कारण पुढं काही लोकांनी तसं बोलून घेतलं. साड्यांच्या उरलेल्या कापडाचे तीन पदरी मास्क त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना शिवून दिले, प्रत्येकाचा काठ वेगळा, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. ताटं उकळत्या पाण्यातून निघत. नळावर साबण दोरीनं बांधलेला असे. रोगाला त्या घाबरून होत्या. ‘नाही’ म्हणणाऱ्यांना तेवढ्या घाबरत नव्हत्या.

मग वरून एक कागद आला. कन्नडमध्ये होता, मी वाचून अर्थ सांगितला. दोन माणसांत सहा फूट अंतर पाहिजे. दोन खोल्यांत मिळून बारा माणसं ठेवता येतील, बाकीच्यांची सोय अन्यत्र करावी. निवाऱ्यात तेव्हा एकतीस माणसं होती. अन्यत्र म्हणजे कुठं, ते कागदात नव्हतं. बसस्टँड बंद, देवळं बंद, हॉटेलं बंद, रस्त्यावर दिसेल त्याच्या पाठीत काठी. एकोणीस माणसांनी दार ओलांडलं असतं तर त्यांना बेळगावात उभं राहायला फूटभर जमीन नव्हती.

मला वाटलं, आता आक्का कानामागं हात नेणार. त्यांनी तसं केलं नाही. ट्रंकेतून एक जुनं सहावारी पातळ काढलं आणि दोन-दोन वारांवर दोन गाठी मारल्या. “सहा फूट म्हंजे दोन वार. एका पातळात तीन मानसं,” असं म्हणून त्या जमिनीवर पातळ पसरत निघाल्या. आडवं पसरलं, उभं पसरलं. प्रत्येक गाठीवर मी खडूनं फुली मारत होतो. सरकारी टेपानं बारा आले होते. पातळानंही बाराच आले. आक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. मी त्यांना तशा बसलेलं प्रथमच पाहत होतो.

थोड्या वेळानं म्हणाल्या, “कागद खोटा न्हाय मास्तर. खोली ल्हान हाय.” आणि पातळ घडी करून काखेत मारून उठल्या. “चला. मोठी बघू.”

वडगावात त्यांच्या धाकट्या भावाची, आप्पांची, मागाची शेड होती. दहा माग. भिंतीला भिंत लावून चुलतभावाची तेवढीच दुसरी. कापड विकत घेणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून दोन्ही शेड बंद होत्या, मागांवर अर्धी विणलेली पातळं तशीच ताणलेली होती. आक्कांनी दारात चपला काढल्या, आत जाऊन मागांमधल्या बोळात पातळ पसरलं आणि खूश होऊन माझ्याकडं पाहिलं. माग छातीएवढा उंच. दोन माणसांमध्ये एकेक माग भिंतीसारखा उभा. अंतर मोजायलाच नको, ते लोखंडातच होतं. दोन्ही शेड मिळून वीस जागा निघत होत्या.

आप्पा गयावया करू लागले. विणकराच्या घरी माग म्हणजे लक्ष्मी. शेडमध्ये चप्पल घालून कुणी जात नाही, दसऱ्याला त्याची पूजा होते. तिथं रस्त्यावरची माणसं झोपवायची म्हणजे गल्ली काय म्हणेल, हा त्यांचा प्रश्न होता. गल्ली काय म्हणते हे कळायला फार वेळ लागला नाही. दुपारपर्यंत पंधरा-वीस माणसं शेडपुढं जमली. सगळ्यांच्या तोंडाला काही ना काही बांधलेलं. सगळे एकदम बोलू लागले की रोग येईल, पोरंबाळं आहेत, भिकाऱ्यांना इथं आणायचं नाही.

आक्का मध्ये उभ्या राहिल्या आणि कानामागं हात नेला. “तोंडावरचं काढून बोला की. मला काय बी समजेना झालंय.”

आता बाहेर साथ चाललेली, शेजारी पंधरा माणसं खेटून उभी. पहिला मास्क कोण काढणार? सगळे एकमेकांकडं पाहू लागले. ज्यांना रोगाचं एवढं भय, ते रोगाचं बोलायला एकमेकांना चिकटून उभे आहेत हे त्यांच्या लक्षात यायला लागलं आणि कडेचे दोघं-तिघं हळूच मागं सरकले. मला हसू आवरेना. मास्कचा असाही एक उपयोग असतो हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी आप्पाच पुढं झाले. लांब उभं राहून त्यांनी मास्क खाली ओढला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “आक्का, गल्ली न्हाय म्हनत्या.”

हे ‘नाही’ मात्र आक्कांनी ऐकलं. हात खाली घेतला. त्यांचा आवाज एरवी मागावर मात करायला कमावलेला, मोठा. त्या वेळी तो त्यांनी खाली आणला, आणि आता कान द्यायची पाळी गल्लीवर आली.

“ऐकलं. आता माझं ऐका. गेल्या साली पावसाचं पानी ह्या गल्लीत कमरंएवढं आलतं. मागाच्या मोटारी बुडाल्या. तवा तुमच्या पातळांची गाठोडी कुठं ठेवलतासा? तुमची पोरं कुठं निजली? माझ्या हितं. ह्याच एकतीस मानसांनी हातरुणं गुंडाळली आन तुमच्या पोरांना जागा दिली. पडवीत बसून ऱ्हायली ती चार दिस. तवा मी जागा न्हाय म्हटलं काय?”

चष्मा लावलेल्या एक वयस्कर विणकरीणबाई मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, चपला बाहेर काढायला लावा म्हणजे झालं. आक्कांना ते इतक्या लांबून ऐकू आलं. “काढत्यात. ज्यांच्याजवळ हाईत त्ये काढतील,” असं त्यांनी सांगितलं. मग त्याच बाई घरातून दोन चटया घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी एकोणीस माणसं वडगावात हलवायची होती, आणि इथं माझी कामगिरी सुरू होते. निवाऱ्यात प्रत्येकाजवळ एक गाठोडं असे. कुणाचं पोतं, कुणाची फाटकी बॅग. आक्कांची सक्त ताकीद होती की गाठोड्याला हात लावायचा नाही, आत काय आहे विचारायचं नाही, उशाखालून हलवायचंही नाही. “घर न्हाय त्याचं गाठोडं म्हंजे घर. दुसऱ्याच्या घरात आपन न विचारता शिरतो काय?” मला ते पटत नव्हतं. ती मळकी गाठोडी पाहून माझ्या अंगावर काटा येई. आक्का सकाळीच शेड झाडायला पुढं गेल्या होत्या. मी सगळ्यांना सांगितलं की गाठोडी फाटकाबाहेर नेऊन ठेवा, त्यांच्यावर औषध फवारू, मग न्या. नियमाप्रमाणं ते योग्यच होतं. माणसं बिचारी माझ्या हातातल्या कागदाला भ्याली आणि ठेवून आली. मी फवारायचा पंप आणायला आत वळलो. तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली. फाटकाबाहेर ढीग दिसला, त्यांनी उचलला. त्यांची चूक नव्हती. त्या ढिगाला कचरा करून मीच ठेवला होता.

मी स्कूटर घेऊन मागं गेलो. गाडी दोन गल्ल्यांपलीकडं सापडली. बरीचशी गाठोडी वरच होती, ती मिळाली. तीन आत दाबली जाऊन चिखल झाली होती. त्यांतलं एक निपाणीकराचं होतं. निपाणीकर म्हणजे सत्तरीचा एक सुकलेला गृहस्थ. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हयात गेलेली, बोटं कायमची पिवळी पडलेली, दिवसातून दोन वाक्यं बोलणारा. त्यानं मला काही विचारलं नाही. माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं आणि फाटकातून निघून गेला. दोघांनी हाका मारल्या. त्यालाही त्या दिवशी ऐकू आलं नाही.

मला वाटलं आक्का माझी सालटी काढतील. मी सगळं सांगितलं, मास्क खाली करून, त्यांना दिसेल असं सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, “जागा न्हाय म्हनायला तोंडच लागतंय असं न्हाय, मास्तर.”

आजवर वरिष्ठांनी मला पुष्कळ मेमो दिले. त्यांतला एकही मला पाठ नाही. हे वाक्य आहे.

माझ्याकडं ड्युटीचा पास होता. स्कूटरवर मागं आक्का बसल्या आणि आम्ही हायवेला लागलो. मोकळा रस्ता इतका रुंद दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. काकतीच्या पुढं एका बंद ढाब्यापुढं, चिंचेच्या सावलीत निपाणीकर बसला होता. निपाणीला चालला होता. अजून साठाहून जास्त किलोमीटर होते आणि त्याच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या. आक्का त्याच्यापासून दोन वारांवर मांडी घालून बसल्या. चल म्हणाल्या नाहीत. वखार बंद आहे, तेही म्हणाल्या नाहीत. फक्त माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, “चुकलं माझं.” मग राहवलं नाही म्हणून विचारलं, त्यात होतं तरी काय, मी भरून देतो.

त्यानं मान वर केली. “तुमाला काय करायचं हाय?” एवढंच बोलला. खरंच होतं. मला आजही ठाऊक नाही.

आक्का तेव्हा म्हणाल्या, “मास्तर, तुमची पिशवी द्या त्येला.” माझ्या खांद्याला एक कापडी पिशवी कायम असे. तीत यादीची वही, डबा, बायकोनं दिलेली काढ्याची बाटली, घराची किल्ली आणि मुख्य म्हणजे माझा वाचायचा चष्मा. मी म्हटलं, यात सरकारी कागद आहेत. आक्कांनी कानामागं हात नेला. मी पुन्हा म्हटलं नाही. पिशवी उतरवून निपाणीकराच्या पुढं ठेवली. त्यानं ती उचलली, वजन पाहिलं, खांद्याला अडकवली आणि बेळगावच्या दिशेनं चालू लागला. आम्ही स्कूटर ढकलत त्याच्या मागं. नियमानं स्कूटरवर एकच माणूस चालत होता, आम्ही दोघं म्हणजे आधीच जास्त होतो, तिसरा बसवायचं धाडस मला झालं नाही. आक्का रस्ताभर हसत होत्या.

ती पिशवी चार दिवस त्याच्याकडं होती. सहाव्या मागाच्या बोळात, त्याच्या उशाखाली. मी रोज जाऊन लांबून बघून येई. घरी बायकोनं किल्लीचं विचारलं, मी हरवली म्हणालो. चार दिवस मला चष्म्याशिवाय एकही अक्षर वाचता आलं नाही. वरून दोन कागद आले, ते आक्कांनी कांद्याच्या टेबलावर दगडाखाली ठेवून दिले. त्यांना ऐकू येत नव्हतं, मला दिसत नव्हतं, आणि त्याच चार दिवसांत दोन्ही शेड मांडून झाल्या. प्रत्येक मागावरून जुनं पातळ टाकून आडोसा केला होता. आप्पांनी ताण्यांवर, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतावर, पंचे टाकले, तेही आपल्या हातानं. विसाव्या बोळात आक्कांनी स्वतःची चटई टाकली. पाचव्या दिवशी निपाणीकरानं मला हाक मारली आणि पिशवी पुढं केली. “बघून घ्या. समदं हाय न्हवं?” डब्यातली चपाती वाळून कडक झाली होती. झाकण त्यानं उघडलं नव्हतं.

एकतीसपैकी एकही माणूस त्या वर्षी रस्त्यावर आला नाही. ज्यांनी आक्कांना बेफिकीर म्हटलं, त्यांच्यासाठी हेही सांगून ठेवतो की आजारी पडले ते चौघं आणि चौघंही उठले. पाहणीला एक साहेब आले होते. चप्पल बाहेर काढा म्हटल्यावर आधी रागावले, मग काढली. आत फिरून आले आणि कन्नडमध्ये म्हणाले, हे कुणाच्या परवानगीनं केलंत? आक्का म्हणाल्या, “केळस्तिल्ला, साहेब.” म्हणजे ऐकू येत नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मात्र विचारलं नाही.

थंडीत माग परत सुरू झाले, माणसं शाळेच्या खोल्यांत परतली, आणि आम्हाला वाटलं, झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात रोग पुन्हा आला, तो पहिल्यापेक्षा क्रूर होऊन. माग पुन्हा थांबले. आक्कांनी पुन्हा पातळ काखेत मारलं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी एका सकाळी त्या शेडच्या दारात बसलेल्या मला दिसल्या. पालथा हात कपाळावर होता. दुसऱ्या हाताची मूठ छातीवर होती. ती खूण त्यांनी कधी स्वतःसाठी केली नव्हती.

आप्पा, निपाणीकर आणि मी, रिक्षातून त्यांना घेऊन निघालो. एका इस्पितळातून परत पाठवलं. दुसऱ्याच्या फाटकावर एक तरुण मनुष्य उभा होता, अंगभर प्लास्टिक, डोळ्यांखाली काळं. त्याला बिचाऱ्याला किती रात्री झोप नव्हती कोण जाणे. त्यानं रिक्षात पाहिलंही नाही. “बेड इल्ला,” म्हणाला. जागा नाही.

मी आयुष्यभर असल्या वाक्यापुढं मान तुकवली आहे. नियम आहे म्हटलं की मी मागं फिरतो. त्या सकाळी माझा हात कानामागं कधी गेला मला कळलं नाही. “केळस्तिल्ला,” मी म्हणालो.

त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा हात नेला. तो मराठीत म्हणाला, काका, बेड नाही हो. मी मराठीत म्हणालो, “जरा मोठ्यांदा बोला. मला ऐकायला येत न्हाय.” आणि त्याच्या फाटकासमोर फरशीवर मांडी घालून बसलो. टिळकवाडीतला क्लार्क, इस्त्रीची पँट. निपाणीकर माझ्यापासून दोन वारांवर बसला. आप्पा त्याच्यापुढं. आम्ही कुणाला शिवी दिली नाही, कुणाची कॉलर धरली नाही. फक्त उठलो नाही. बऱ्याच वेळानं तो मनुष्य आत गेला. आला तेव्हा म्हणाला, कॉरिडॉरमध्ये खाट टाकतोय, सिलिंडर आहे एक, आणा.

आक्कांना खुर्चीत बसवून नेताना त्यांनी मला थांबायची खूण केली. धाप लागली होती. डोळे मात्र हसत होते. सगळं त्यांनी रिक्षातून पाहिलं होतं. “काय मास्तर,” एवढं बोलायला त्यांना दोन श्वास लागले. “तुमचं बी कान गेलं वाटतं.”

मी क्लार्क आहे हे तेव्हा सांगायचं मला सुचलं नाही. नंतर सांगायला त्या राहिल्या नाहीत. आठव्या दिवशी दुपारी फोन आला. शेवटचं कुणाला पाहता आलं नाही, खांदा देता आला नाही, निवाऱ्यातल्या एकतीस जणांना फाटकाबाहेर पाऊल टाकता आलं नाही. मी घरी अंगणात कपडे बदलता बदलता रडलो. बायको दारात उभी होती. तिनं आज आंघोळ कर असं म्हटलं नाही, हात धरून तसंच आत नेलं.

वडगावच्या त्या गल्लीत रीत आहे की गल्लीतलं माणूस गेलं की त्या दिवशी माग बंद ठेवतात. सगळीकडं शांत झालं की लोक समजतात. पण तेव्हा माग पंधरा दिवस बंदच होते. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा आप्पा शेडच्या दारात उभे होते. म्हणाले, “बंद माग आनखी काय बंद करायचा, मास्तर? माझी आक्का गेली हे गल्लीला कळाय नको?” त्यांनी आतल्या लोकांना बाहेर उभं केलं, चपला काढल्या, आत गेले आणि बटण दाबलं. एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग दहाही. शेजारच्या शेडमध्ये चुलतभावानं सुरू केले. मग समोरच्या घरात, त्या चष्मेवाल्या बाईनं. एकामागून एक सगळी गल्ली उठली. जमीन पायाखाली थरथरत होती. आप्पा बाहेर येऊन माझ्या कानाशी ओरडले, “एवढ्याबिगर तिला ऐकायला येनार न्हाय.” गल्लीच्या तोंडाशी पोलीस येऊन काहीतरी सांगत होता. कुणालाच ऐकू येत नव्हतं, आणि या वेळी ते अगदी खरं होतं. निपाणीकर सहाव्या मागासमोर मूठ छातीवर धरून उभा होता.

मी निवृत्त झालो त्याला आता बरेच दिवस झाले. दुपारी चहानंतर निवाऱ्यात जाऊन बसतो. नवा व्यवस्थापक चांगला माणूस आहे, हिशेबी, स्वच्छ, थोडा माझ्यासारखा. टेबल त्यानं पुन्हा आत आणलं आहे, वर काच बसवली आहे आणि भिंतीवर किती माणसं राहू शकतात त्याचा आकडा रंगवून घेतला आहे. मागच्या आठवड्यात एक बाई दारात आली. जांबोटीकडची होती, काखेत लेकरू, हातात गाठोडं. त्यानं आकडा पाहिला, वही पाहिली आणि तिला फार सौम्य आवाजात सांगितलं की आज जागा नाही.

माझे कान उत्तम आहेत. डॉक्टरांनी मशीन लावून तपासले आहेत. मी हात कानामागं नेला आणि म्हणालो, जरा मोठ्यांदा बोला. त्यानं सांगितलं. मी पुन्हा हात नेला. तिसऱ्यांदा त्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं, मग टेबलाचं एक टोक धरलं, दुसरं मी. काच सांभाळत आम्ही ते पडवीत नेलं. ट्रंकेतून मी आक्कांचं पातळ काढलं आणि टेबलाच्या जागी, भिंतीपासून पहिल्या गाठीपर्यंत पसरलं. दोन वार पुरेपूर भरले. बाईला सांगितलं, गाठोडं उशाला ठेव, त्याला कुणी हात लावणार नाही.